ऑपरेशनची पिशवी: आधी कागद, मग कपडे

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की घरोघरी पहिला प्रश्न निघतो, ‘सोबत काय काय न्यायचं?’ वाचकही हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात आणि त्यामागचा गोंधळ बहुतेक वेळा सारखाच असतो. पिशवीत चार गाऊन, दोन चादरी, थर्मास, फळं, बिस्किटांचे पुडे हे सगळं आठवणीनं जातं. मागच्या वर्षीचा ईसीजी, रोजच्या गोळ्यांची नावं आणि विम्याचं कार्ड मात्र कपाटातच राहतं. गाऊन राहिला तर रुग्णालयाचा मिळतो, साबण समोरच्या दुकानात मिळतो. रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली, याचं उत्तर मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. आणि ते मिळालं नाही, तर ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागू शकते.

म्हणून पिशवी भरायला वस्तूंपासून सुरुवात करू नका. तिथे तुम्हाला कोण, केव्हा, काय विचारणार आहे, तिथून करा. दाखल होताना बिलिंग काउंटर विचारेल, वॉर्डात सिस्टर विचारतील, आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ विचारतील, रात्री निवासी डॉक्टर विचारतील. भूल दिल्यापासून ती पुरती उतरेपर्यंत तुम्ही स्वतः नीट उत्तरं देण्याच्या स्थितीत नसाल. त्या वेळात तुमची फाईल आणि तुमच्या सोबतचा माणूस हेच तुमच्या वतीनं बोलणार असतात. हर्निया, पित्ताशय, गर्भाशय, गुडघा, मोतीबिंदू अशा आधी ठरवून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये ही तयारी करायला हातात चार दिवस असतात. ते वाया जाऊ देऊ नका.

एक पिशवी नको, तीन करा

सगळं एकाच मोठ्या बॅगेत कोंबलं की ऐनवेळी टॉवेलाखालून आधार कार्ड शोधावं लागतं. त्याऐवजी तीन वेगळे भाग करा:

- फाईल: सगळे कागद. ही कायम सोबतच्या माणसाच्या हातात राहील.
- रुग्णाची पिशवी: कपडे, रोजच्या वापराच्या वस्तू, औषधं. ही खाटेजवळच्या कपाटात मावेल एवढीच असावी.
- सोबत्याची पिशवी: रात्री थांबणाऱ्या माणसाची स्वतःची. ती बहुतेक घरी भरलीच जात नाही.

‘इतकी आखणी कशाला, लागेल ते घरून मागवता येईल,’ असं काहींना वाटेल. घर दहा मिनिटांवर असेल तर ते खरंही आहे. पण तालुक्याच्या गावाहून पुण्या-मुंबईला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्यांना एक राहिलेला कागद एक दिवस मागे खेचतो. घर जवळ असलं तरी धावपळ करणारा माणूस बहुधा एकच असतो. तो घरी गेला, की संमतीपत्र समजून घ्यायला आणि डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी ऐकायला जवळ कोणी उरत नाही.

फाईलमध्ये काय हवं

- डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवल्याची चिठ्ठी, आजवरचे केसपेपर आणि भूलतज्ज्ञांनी दिलेलं फिटनेस प्रमाणपत्र
- रक्त-लघवीचे अहवाल, ईसीजी, टू-डी इको, सोनोग्राफी, तारखेनुसार लावलेले
- एक्स-रे, सीटी, एमआरआय यांच्या मूळ फिल्म किंवा सीडी. नुसता अहवाल पुरत नाही
- आधीच्या शस्त्रक्रियांची डिस्चार्ज कार्डं
- रुग्णाचं आधार कार्ड, पॅन कार्ड, रेशन कार्ड आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, सोबत्याचं ओळखपत्र
- विमा कार्ड, पॉलिसीची प्रत, पूर्वमंजुरीचं पत्र
- एक पानी माहितीपत्रक

यातलं शेवटचं पान सगळ्यांत मोलाचं आहे आणि ते तुम्हीच लिहायचं आहे. नाव, वय, वजन, रक्तगट. मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉइड, फिट येणं यांपैकी काय आहे. कोणत्या औषधाची किंवा पदार्थाची ॲलर्जी आहे आणि तेव्हा नेमकं काय झालं होतं. आधी भूल दिली असेल तर त्या वेळी काही त्रास झाला का. घरात कोणाला भुलीचा गंभीर त्रास झाला होता का. हलणारा दात किंवा कवळी आहे का. तंबाखू, मिश्री, सिगारेट, दारू यांची सवय आहे का. आणि दोन माणसांचे फोन नंबर. तंबाखू-दारूच्या सवयींबद्दल संकोचून खोटं सांगू नका. धूम्रपानानं भुलीच्या वेळी श्वासाचा त्रास वाढू शकतो आणि जखम भरायला वेळ लागतो. दारूची सवय अचानक तुटली, तर दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम किंवा झटके येऊ शकतात. डॉक्टरांना हे आधी कळलं, तर तशी काळजी घेता येते.

‘आमच्या डॉक्टरांना सगळं माहीत आहे,’ हे उत्तर हमखास मिळतं. सर्जनना माहीत असेलही. पण भूल देणारे वेगळे, रात्रपाळीचे निवासी डॉक्टर वेगळे आणि पहाटे तीन वाजता इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर वेगळ्या. त्यांच्यापर्यंत ॲलर्जीची माहिती कागदावरूनच पोहोचते. दुसरा आक्षेप, ‘सगळं फोनमध्ये आहे.’ फोनला लॉक असतं, चार्जिंग संपतं आणि विम्याच्या काउंटरवर अनेकदा मूळ कागदच मागतात. फोनमध्ये फोटो जरूर ठेवा, पण कागद आहेत त्यांना जोड म्हणून. फोनचं लॉक उघडता येईल असा एक विश्वासू माणूस मात्र सोबत हवा.

औषधं: डबीत नकोत, मूळ पाकिटांत न्या

वार लिहिलेली प्लास्टिकची डबी घरी सोयीची असते. रुग्णालयात मात्र त्यातली पांढरी गोळी कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. रोजची सगळी औषधं मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. दाखल झाल्यावर ती सिस्टरना दाखवा आणि त्यांना न सांगता एकही गोळी स्वतःहून घेऊ नका. नाहीतर तीच गोळी वॉर्डातून मिळते, तुमच्या पिशवीतूनही घेतली जाते आणि मात्रा दुप्पट होते.

कोणती गोळी कधी थांबवायची, हे पिशवी भरण्याच्या आधीच, भूलतज्ज्ञांच्या तपासणीतच विचारून लिहून घ्या. विशेषतः यांच्याबद्दल:

- रक्त पातळ करणारी औषधं: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन वगैरे. काही शस्त्रक्रियांपूर्वी थांबवतात, काहींमध्ये चालू ठेवतात. हृदयात स्टेंट असेल तर स्वतःच्या मनानं थांबवणं जिवावर बेतू शकतं.
- मधुमेहाची औषधं: उपाशीपोटी नेहमीची मात्रा घेतली तर साखर धोकादायक उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण रक्तातली साखर ठीक दिसत असतानाही त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं.
- रक्तदाब आणि थायरॉइडच्या गोळ्या: यांतल्या बऱ्याच त्याच सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, काही वगळायला सांगतात. आपली कोणती, ते विचारा.
- काढे, चूर्णं, आयुर्वेदिक वा होमिओपॅथिक औषधं: ‘ती काय, घरगुती आहेत’ म्हणून लपवू नका. त्यांतल्या काहींचा रक्त गोठण्यावर किंवा भुलीवर परिणाम होऊ शकतो.

विमा आणि सरकारी योजना: हे काम दाखल होण्याआधीचं

पैशांचा ताण बहुतेकदा डिस्चार्जच्या दिवशी येतो, पण त्याचं मूळ पहिल्या दिवशीच्या दुर्लक्षात असतं. कॅशलेस विमा असेल, तर ठरलेल्या शस्त्रक्रियेची पूर्वमंजुरी दोन-तीन दिवस आधीच मागा. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि डिस्चार्जची विनंती आल्यावर अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. कंपनीच्या विलंबामुळे त्यापुढचा जास्तीचा खर्च झाला, तर तो तुमच्या माथी मारता येत नाही. हे माहीत असलेला माणूस काउंटरवर शांतपणे, पण ठामपणे बोलू शकतो.

पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा खोली निवडण्याआधी वाचा. अनेक पॉलिसींमध्ये मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की फरक फक्त भाड्याचा राहत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च यांतही त्याच प्रमाणात कपात होते. डायपर, सॅनिटरी पॅड, पाण्याच्या बाटल्या, धुलाई, फोन, सोबत्याचं जेवण यांसारखे खर्च सर्वसाधारण पॉलिसी देत नाही. म्हणून अशा वस्तू घरून नेणं हे सोयीचंही आहे आणि काटकसरीचंही. ‘तिथे सगळं मिळतं’ म्हणणाऱ्यांना हेच उत्तर आहे: मिळतं, पण ते बिलात आलं तर तुमच्याच खिशातून जातं.

विमा नसेल तर आधी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजना पाहा. राज्यात त्या एकत्रित राबवल्या जातात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. वय ७० वा त्याहून अधिक असेल, तर उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढता येतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. तुमची शस्त्रक्रिया यादीत आहे का आणि कोणते कागद लागतील, हे त्यांना तारीख घेण्याआधीच विचारा. आयुष्मानची चौकशी १४५५५ या क्रमांकावरही करता येते. रोख भरणार असाल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या: एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारापोटी २ लाख रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्यानं मनाई आहे. मोठी रक्कम ऑनलाइन, कार्डानं किंवा चेकनं भरायची सोय आधी करून ठेवा. बँकेनं तुमच्या खात्याला घातलेली दिवसाची मर्यादाही तपासा.

रुग्णाची पिशवी: कपडे शस्त्रक्रिया पाहून निवडा

कपडे किती, यापेक्षा टाका कुठे येणार हा प्रश्न महत्त्वाचा. हाताला सलाईन, पोटावर पट्टी आणि लघवीची नळी असताना कपडा कसा चढेल, याचा विचार करा.

- पोट, हर्निया, गर्भाशय: सैल गाऊन किंवा मॅक्सी, सैल लुंगी. नाडी किंवा इलॅस्टिक टाक्यांवर घासेल असा पायजमा नको.
- खांदा, हात, छाती, स्तन: पुढून पूर्ण उघडणारे, बटणांचे कपडे.
- डोळा: डोक्यातून घालावा लागेल असा कपडा नको.
- गुडघा, खुबा: सैल अर्धी पँट किंवा परकर. चपला मागे पट्टा असलेल्या आणि न घसरणाऱ्या तळाच्या. पहिल्यांदा वॉकर घेऊन उभं राहताना गुळगुळीत रबरी सपाता पाडतात.

याशिवाय दोन-तीन आतले कपडे, टॉवेल, दात घासायचं सामान, कंगवा, साबण, ओठ कोरडे पडतात म्हणून व्हॅसलीन, पातळ शाल, वाकडी करता येणारी स्ट्रॉ, लांब वायरीचा चार्जर आणि वही-पेन एवढं पुरतं. चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी यांसाठी झाकणाच्या डब्या घ्या आणि त्यांवर नाव लिहा. कागदात गुंडाळून ठेवलेली कवळी कचऱ्यासोबत जाते. श्रवणयंत्र शक्यतो थिएटरच्या दारापर्यंत राहू द्यायची विनंती करा. शेवटच्या क्षणी विचारलेले प्रश्न रुग्णाला ऐकू आले पाहिजेत.

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात दाखल होणार असाल, तर छोटी बादली, पाण्याचा मग, ताट-वाटी-पेला, चादर आणि पांघरूण लागेल का, हे वॉर्डात आधी विचारून या. सगळीकडे लागतंच असं नाही, पण लागलं तर रात्री शोधावं लागत नाही.

घरीच ठेवायच्या वस्तू

दागिने, जास्तीची रोकड आणि महागडं घड्याळ घरीच ठेवा. बांगड्या, जोडवी, चमकी, कानातलं आणि अंगठ्या घरीच, साबण लावून, सावकाश काढा. हात-पाय सुजले की त्या कापाव्या लागतात. शिवाय शस्त्रक्रियेत विजेवर चालणारी उपकरणं वापरतात, त्यामुळे अंगावरच्या धातूशी भाजण्याचा धोका असतो. मंगळसूत्र काढायला अनेक घरांत मन धजत नाही. ही भावना क्षुल्लक नाही, म्हणून तिच्यावर आधीच बोलून घ्या. धातू नसलेला साधा दोरा मनगटाला बांधलेला चालेल का, हे भूलतज्ज्ञांना विचारता येतं. गळा मात्र मोकळाच हवा, कारण श्वासाची नळी घालताना किंवा मानेच्या शिरेत सुई घालावी लागली तर तिथे अडथळा नको. नेलपॉलिश पुसून टाका आणि गडद मेंदीही लावू नका. बोटाला लावलेल्या यंत्रात रक्तातल्या ऑक्सिजनचं वाचन त्यानं बिघडू शकतं.

सोबत्याची पिशवी आणि त्याचं काम

रात्र जागणारा माणूस आजारी पडला तर रुग्ण एकटा पडतो. त्याच्यासाठी स्वतःची औषधं, पांघरूण, हवेची उशी, पाण्याची बाटली, टिकणारा खाऊ आणि सुटे पैसे वेगळे ठेवा. त्याची नेमणूक ‘जो मोकळा असेल तो’ अशी करू नका. डॉक्टरांना प्रश्न विचारणारा, वहीत लिहून घेणारा एकच माणूस ठरवा आणि माहितीपत्रक त्याला आधी वाचायला द्या. औषधांच्या दुकानातल्या प्रत्येक चिठ्ठीची आणि पावतीची तारीखवार नोंद त्यानंच ठेवावी.

आदल्या रात्रीपासून दाराबाहेर पडेपर्यंत

1. उपाशी राहण्याची वेळ लिहून घ्या. साधारण नियम असा: हलक्या जेवणानंतर ६ तास, तेलकट-जड जेवणानंतर ८ तास आणि साध्या पाण्यासाठी २ तास. तुम्हाला सांगितलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळा.
2. दुधाचा चहा ‘पाणी’ धरू नका. तो अन्नाच्याच हिशेबात येतो. ‘उपवासाला चालतं’ ते इथे चालत नाही. तंबाखू, मिश्री, सुपारीही नको. भुलीत पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका खरा आहे.
3. साबणानं स्वच्छ अंघोळ करा. तेल, पावडर, मेकअप लावू नका.
4. शस्त्रक्रियेच्या जागी वस्तरा फिरवू नका. बारीक कापांमधून जंतुसंसर्ग होऊ शकतो. गरज असेल तर केस काढण्याचं काम रुग्णालयात क्लिपरनं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.
5. ताप, खोकला, जुलाब असतील किंवा त्वचेवर फोड आला असेल, तर निघण्याआधी फोन करा. तारीख जाईल म्हणून लपवू नका.

पिशवीत न मावणारे तुमचे हक्क

काही वाचकांना वाटतं, की रुग्णालयात फार विचारलं तर डॉक्टर दुखावतील. पण प्रश्न विचारणं हा रुग्णाचा मान्य हक्क आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायचं असतं. त्यातलं तुमच्या उपयोगाचं असं:

- शस्त्रक्रिया कोणती, धोके कोणते, दुसरे पर्याय काय, हे समजेल अशा भाषेत ऐकून मगच संमतीपत्रावर सही. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका.
- खर्चाचा अंदाज लेखी मागणं.
- दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं आणि त्यासाठी अहवालांच्या प्रती मिळवणं.
- औषधं कोणत्याही नोंदणीकृत दुकानातून आणणं.
- पुरुष डॉक्टर महिलेची तपासणी करत असताना दुसरी स्त्री हजर असणं.
- उपचारांच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत मिळणं.

हे हक्क भांडणासाठी वापरायचे नाहीत. संमतीपत्र सायंकाळी नीट वाचायला मागितलं, तर सकाळी स्ट्रेचरवर घाईत सही करावी लागत नाही. हीसुद्धा तयारीच आहे.

परतताना फाईल पुन्हा तपासा

डिस्चार्जच्या गडबडीत कपडे आठवणीनं गोळा होतात आणि कागद टेबलावर राहतात. निघण्याआधी डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार अंतिम बिल, पावत्या, सगळे अहवाल आणि मूळ फिल्म मोजून घ्या. काढलेला भाग तपासणीला पाठवला असेल तर अहवाल कधी व कोणाकडून मिळेल, ते लिहून घ्या. गुडघा, स्टेंट किंवा डोळ्यातली लेन्स बसवली असेल, तर तिच्यावरचं कंपनी आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर फाईलमध्ये लावून मागा. पुढे कधी तक्रार करायची वेळ आली, तर तोच तुमचा पुरावा. टाके कधी काढायचे, कोणत्या लक्षणांना लगेच यायचं आणि रात्री कोणाला फोन करायचा, ही तीन उत्तरं घेतल्याशिवाय लिफ्टकडे वळू नका. भूल घेतल्यावर २४ तास गाडी चालवणं आणि महत्त्वाच्या कागदावर सही करणं टाळा.

‘इतकं सगळं आधीच मांडून ठेवणं अशुभ वाटतं,’ असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतील. त्यांची भीती मायेपोटी असते. त्यांना एवढंच सांगा, की लांबच्या प्रवासाला निघताना आपण पत्ता लिहून घेतो, तो वाट चुकणार असं धरून नव्हे. शस्त्रक्रियेच्या आधीच्या रात्री झोप लागणं अवघड असतं, हे कोणीच नाकारणार नाही. पण फाईल उशाशी आहे, गोळ्यांची नावं लिहिलेली आहेत आणि कोण काय विचारणार हे सोबतच्या माणसाला ठाऊक आहे, एवढी खात्री असली तरी त्या रात्रीचं अर्धं ओझं उतरतं. आज संध्याकाळी एक कागद घ्या आणि त्यावर पहिल्या ओळीत नाव, वय आणि ॲलर्जी लिहा. कपड्यांचं नंतर पाहू.